पिशवी घरीच का राहते?

२३ जून २०१८ ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची कारवाई सुरू झाली, त्यानंतरचे काही आठवडे आठवतायत का? पहिल्यांदा पकडलं तर ५ हजार दंड, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि वर ३ महिने आत. लोक मटणाच्या दुकानात स्टीलचे डबे घेऊन उभे, भाजीवाले आधी "पिशवी आणलीय का" विचारायचे आणि मग भाव सांगायचे, घरातला प्लास्टिकचा डबा चालतो की नाही यावर सोसायटीच्या ग्रुपवर रात्री १२ पर्यंत चर्चा. आणि मग हळूहळू सगळं परत होतं तसं. आता भाजीवाल्याचा हात गोणपाटाखाली जातो, पातळ पिशवी बाहेर येते, त्यात कोथिंबीर जाते, आणि दोघंही असं वागतात की काही घडलंच नाही.

गंमत म्हणजे या सगळ्या काळात कुणाचं मत काही बदललेलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, गटारं तुंबायला पिशव्यांनी हातभार लावला हे तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहे, शाळेतली पोरं त्यावर निबंध लिहितात, गणपतीत देखावे होतात. कुणालाही थांबवून विचारा, "प्लास्टिक वाईटच हो" असंच म्हणेल, आणि हे म्हणताना त्याच्या हातात बहुतेक एक पिशवी असेल. तो खोटं बोलत नाहीये हं, त्याला खरंच तसं वाटतं. तरी पिशवी हातात आहेच. कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच, आणि ते का वळत नाही यावर मानसशास्त्रवाल्यांनी गेली पन्नासेक वर्षं बरंच डोकं खपवलंय. तेच जरा सोपं करून सांगतो.

१९७२ साली लेनर्ड बिकमन नावाच्या एका अमेरिकन संशोधकाने मस्त प्रयोग केला. वाटेवर मुद्दाम कचरा टाकून ठेवला आणि तिथून गेलेल्या साधारण ५०० लोकांना पुढे गाठून विचारलं की रस्त्यात कचरा दिसला तर तो उचलणं ही आपली जबाबदारी आहे का. ९४ टक्के लोक हो म्हणाले. त्यातल्या किती जणांनी तो पायात आलेला कचरा उचलला होता? २ टक्के.

मग वाटेल की लोकांना नीट माहिती दिली, पटवून दिलं तर होईल. तेही करून बघितलंय. १९८१ मध्ये गेलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घरात ऊर्जा कशी वाचवायची याच्या कार्यशाळा घेतल्या आणि पुढे काय झालं ते तपासलं. कार्यशाळेनंतर लोकांची माहिती वाढली, काळजी वाढली, करण्याची तयारी वाढली, फॉर्मवर सगळं छान छान. नंतर त्यातल्या ४० जणांच्या घरी जाऊन बघितलं तर गरम पाण्याच्या टाकीचं तापमान कमी केलेला एकच माणूस सापडला. आणि हा काही एकच नमुना नाही, २००६ मध्ये वेब आणि शीरन या संशोधकांनी असे ४७ प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, त्यातून निघालं की लोकांचा इरादा बऱ्यापैकी बदलला तरी वागणं त्याच्या साधारण निम्म्यानेच बदलतं. बाकी निम्मं मधेच कुठेतरी झिरपून जातं. आपल्याकडे जनजागृती, प्रभातफेरी, शपथ यावर एवढा पैसा आणि घसा खर्च होतो, त्याचा सगळा जोर इरादा वाढवण्यावर असतो, म्हणजे जो भाग आधीच भरलेला आहे त्यातच आणखी ओतणं चालू आहे. शपथ घेणारे लोक शपथेआधीही प्लास्टिकच्या विरोधातच होते ना.

आता झिरपतं कुठे ते बघू. माझ्या मते यातला सगळ्यात मोठा भाग साधा आहे आणि तोच सगळ्यात कमी बोलला जातो: ठरवतो ती वेळ वेगळी असते आणि करतो ती वेळ वेगळी. ठरवताना आपण रविवारी दुपारी जेवून निवांत काहीतरी वाचत बसलेलो असतो. करताना मात्र संध्याकाळचे साडेसात वाजलेत, ऑफिसातून लोकल किंवा पीएमटीने लोंबकळत आलोय, घरून फोन आला की टोमॅटो आण आणि लिंबं पण, आणि स्टेशनबाहेर भाजीवाला समोरच आहे. त्या क्षणी पर्यावरण वगैरे डोक्यात नसतंच, टोमॅटो असतात. हात आपोआप पुढे जातो. वेंडी वूड या संशोधिकेने लोकांना दिवसभर दर तासाला काय करताय आणि डोक्यात काय चाललंय ते लिहायला लावलं होतं, त्यात रोजच्या कृतींपैकी साधारण ४३ टक्के सवयीच्या निघाल्या, म्हणजे जवळपास रोज, ठरलेल्या जागी, आणि बरेचदा मन भलतीकडेच असताना केलेल्या. सवय मताला विचारत नाही. ती जागेला, वेळेला, समोर दिसणाऱ्या वस्तूला विचारते.

त्यामुळे पिशवी विसरण्याचं खरं ठिकाणही आपण समजतो तिथे नसतं. आपल्याला वाटतं घरातून निघताना विसरलो. नीट बघा, बहुतेक वेळा पिशवी विसरली जाते ती परत आल्यावर. भाजी ओट्यावर काढली, फ्रिजमध्ये गेली, आणि रिकामी पिशवी ओट्याच्या कडेला नाहीतर फ्रिजच्या मागच्या खिळ्याला. तिथून ती ऑफिसच्या बॅगेत किंवा स्कूटरच्या डिकीत परत गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी निघताना कितीही प्रामाणिक इरादा असला तरी काय उपयोग, पिशवी स्वयंपाकघरात आणि आपण पार्किंगमध्ये.

दुसरं म्हणजे फायदा कुणाला आणि कधी. पिशवी नाही घेतली तर त्रास मला आणि आत्ता, म्हणजे दोन हातांत टोमॅटो धरून उभं राहायचं. फायदा कुणाला तर पुढच्या पावसाळ्यात कुठल्यातरी नाल्याला, त्यातही माझी ती एक पिशवी नसल्याने नेमका काय फरक पडला हे कुणालाच कधी दिसणार नाही. असा सौदा माणूस एरवी कुठेच करत नाही, मग इथे रोज तीनदा करेल अशी अपेक्षा का.

आणि मग शेजारी. याबाबत २००८ चा एक कॅलिफोर्नियातला अभ्यास फार मजेदार आहे. नोलन आणि मंडळींनी लोकांना विचारलं की तुम्ही वीज का वाचवता. पर्यावरणासाठी हे उत्तर पहिलं, मग समाजासाठी, मग पैशासाठी, आणि "शेजारी वाचवतात म्हणून" हे सगळ्यात शेवटी. पण प्रत्यक्ष वागण्याशी ताडून बघितलं तर सगळ्यात जास्त मेळ शेजाऱ्यांच्याच मुद्द्याशी बसला. शेजारी किती वाचवतात असं ज्याला जसं वाटत होतं तसा तो वागत होता, आणि हे त्याला स्वतःला अजिबात मान्य नव्हतं. त्याच वर्षीचा हॉटेलातल्या टॉवेलचा प्रयोग पण याच जातीचा, "पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा" अशी पाटी लावली तर साधारण ३५ टक्के पाहुण्यांनी वापरला, "इथले बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात" अशी लावली तर ४४ टक्के. म्हणजे "लोक कचरा करतात, लोकांना अक्कल नाही" असं सारखं सारखं ग्रुपवर लिहिणारे काका नकळत उलटंच काम करत असतात, सगळेच करतात असा निरोप जातो ना त्यातून.

ओल्या सुक्या कचऱ्याचं वेगळं. २०१६ च्या नियमांपासून कचरा घरातच वेगळा करून द्यायचा आहे, तरी कितीतरी सोसायट्यांमध्ये दोन डबे ठेवून महिनाभरात बंद पडतात. कारण विचारलं की एकच उत्तर: "शेवटी एकाच गाडीत टाकतात की." आता हे प्रत्येक ठिकाणी खरं नसतं, पुण्यात 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या कचरावेचक ताई दारावर येऊन सुका वेगळा काढतात, त्यावर त्यांचं पोट आहे आणि मिसळून दिलेला कचरा त्यांना हाताने निवडावा लागतो. पण जिथे गाडीत खरंच एकत्र होतं तिथे माणसाचं वागणं मला अजिबात ढोंगी वाटत नाही. पुढची साखळी तुटलेली दिसत असताना आपली कडी घट्ट धरून बसायला संतच पाहिजे. इथे लोकांना प्रवचन देण्यात अर्थ नाही, गाडीला दोन कप्पे पाहिजेत.

आता जरा उलटं बघू, कारण मला यातला सगळ्यात शिकवणारा भाग हाच वाटतो. आपल्या घरांमध्ये अशा कितीतरी सवयी आहेत ज्यांच्यामागे पर्यावरणाचा काहीही हेतू नाही तरी त्या पक्क्या आहेत. रद्दी घ्या. हवामानबदल मानणारा असो नाहीतर ते सगळं थोतांड आहे म्हणणारा, पेपर कुणीच फेकत नाही. गठ्ठा बांधला जातो, रद्दीवाला वजन करतो, त्या वजनावर घासाघीस होते, पैसे हातात पडतात. दुधाच्या पिशव्या धुवून वाळत घालणाऱ्या आज्यांनी कार्बन हा शब्द ऐकलेला नव्हता. जुन्या साडीची गोधडी, बनियनचं फडकं, बरण्या वर्षानुवर्षं त्याच. इथे इरादा शून्य आणि वागणं शंभर टक्के. का? कारण घेणारा दारात येतो, पैसे लगेच मिळतात, ठेवायची जागा ठरलेली आहे, आणि सगळेच करतात. वरच्या चारही अडचणी एकदम सुटलेल्या. २०१९ मध्ये दुधाच्या पिशवीवर ५० पैसे जास्त घ्यायचे आणि पिशवी परत केली की ते परत द्यायचे असा विचार राज्य सरकारने बोलून दाखवला होता, आमच्या डेअरीत तरी तो कधी उतरलेला दिसला नाही, पण डोकं बरोबर दिशेने चाललं होतं असं मला अजूनही वाटतं.

पैशाचं म्हणाल तर त्यातही एक खाच आहे. आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीवर १५ सेंट लावले आणि वापर ९० टक्क्यांच्या आसपास घसरला. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये ५ पेन्स लावले, मोठ्या सुपरमार्केटमधला वापर पुढे ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाला. किरकोळ रक्कम होती हो, तिथे ५ पेन्समध्ये काही येत नाही. पण अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपासच्या दुकानांमध्ये टाटियाना होमोनॉफ या संशोधिकेने दोन गोष्टींची तुलना केली: पिशवी घेतली तर ५ सेंट भरा, आणि स्वतःची आणली तर ५ सेंट सूट. रक्कम तीच. भरायला लावलं तिथे पिशव्या घेणारे धडाधड कमी झाले, सूट दिली तिथे जवळपास कुणी हललंच नाही. खिशातून जाणारं नाणं टोचतं, न मिळालेलं नाणं लक्षातही येत नाही. म्हणून "स्वतःचा कप आणा आणि १० रुपये सूट मिळवा" वाल्या पाट्या दिसायला गोड असतात, आणि तेवढ्याच राहतात.

याच चष्म्यातून आपली बंदी बघितली तर ती का ढिली पडली ते कळतं. ५ हजार ही रक्कम ऐकायला जबरदस्त, पण ती भरावी लागेल याची शक्यता किती, तर रोजच्या भाजीवाल्याला माहीत आहे तेवढीच. मोठा पण क्वचित येणारा दंड लोक दोन महिन्यांत विसरतात, छोटा पण प्रत्येक वेळी हमखास लागणारा आकार विसरता येत नाही. अर्थात हातगाडीवर पावती कोण फाडणार हा प्रश्न आहेच, सुपरमार्केटचं उत्तर मंडईत जसंच्या तसं चालत नाही. आणि मॉलमध्ये १०-१५ रुपये देऊन पिशवी घेणं आता इतकं अंगवळणी पडलंय की तिथे आकार लागूनही टोचणं संपलंय.

याहून मला आवडणारं उदाहरण एसीचं आहे, ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणूनच. १ जानेवारी २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं सक्तीचं झालं. म्हणजे पहिल्यांदा चालू केला की तो २४ वर असतो. तुम्हाला १८ हवं असेल तर करा, रिमोट तुमच्याच हातात आहे, बंदी नाही, दंड नाही, भाषण नाही. आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एका अंशाने वर ठेवलं तर साधारण ६ टक्के वीज वाचते. आधीच लावून ठेवलेली गोष्ट माणूस सहसा बदलत नाही, आळसामुळेच बदलत नाही, आणि इथे तोच आळस कामाला लावलाय. जर्मनीत वीज घेताना हरित विजेचा पर्याय आधीच टिक करून ठेवला तेव्हा तो घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण ७ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेलं. लोक तेच, मतं तीच, खूण तेवढी आधीच केलेली. खानावळवाल्याने प्लास्टिकचे चमचे मागितले तरच द्यायचे ठरवलं की हाच प्रकार होतो.

घरच्या घरी करायचं तर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाची युक्ती चांगली आहे. "मी प्लास्टिक कमी वापरीन" असं ठरवायचं नाही, ते हवेतच राहतं. ठरवायचं ते असं की अमुक झालं की तमुक करायचं. "भाजी फ्रिजमध्ये गेली की फ्रिजचं दार लावायच्या आधी पिशवी घडी करून चपलांच्या स्टँडवर." एवढं बारीक. हास्यास्पद वाटतं पण अशा पद्धतीचे ९४ प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा परिणाम चांगलाच ठळक दिसला होता. मात्र २१ दिवसांत सवय लागते वगैरे जे फिरतं त्यावर जाऊ नका, लंडनमध्ये मोजलं तेव्हा कुणाला १८ दिवस लागले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. मधे चार दिवस चुकले म्हणून सोडून देऊ नये एवढाच त्याचा अर्थ. आणि घर बदलत असाल तर ती संधी सोडू नका. नव्या घरात काही जागच्या जागी नसतं, जुने धागे तुटलेले असतात, तेव्हा नवीन लावलेलं टिकतं. इंग्लंडमधल्या पीटरबरोत ८०० घरांवर केलेल्या अभ्यासात घर बदलल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतच हा फायदा दिसला होता.

आता एक कडू गोष्ट, इरादा जास्त असण्याचाही एक घोळ असतो. आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कापडी पिशव्या द्यायची पद्धत आली, लग्नात पिशव्या, बँकेच्या पिशव्या, साडीच्या दुकानातल्या पिशव्या, परिणाम असा की घरात एका मोठ्या पिशवीत वीस पिशव्या कोंबलेल्या. त्यातल्या कित्येक तर कापडी पण नसतात, ते नॉन-वोव्हन नावाचं कापडासारखं दिसणारं पॉलिप्रॉपिलीन असतं, म्हणजे प्लास्टिकच. आणि खऱ्या सुती पिशवीचं गणित डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये मांडलं होतं: सुपरमार्केटच्या साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायची तर नुसत्या हवामानाच्या हिशोबाने ती ५२ वेळा वापरली पाहिजे, आणि पाणी-खतं-ओझोन सगळं धरलं तर ७ हजारांहून जास्त वेळा. कापूस पिकवायला काय लागतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. त्या हिशोबात गटारात अडकणारी, गाईच्या पोटात जाणारी पिशवी धरलेली नाही, त्यामुळे "बघा, प्लास्टिकच बरं" असा निष्कर्ष काढू नका. पण नवीन पिशवी वाटणं आणि जुनी पिशवी वापरणं यात फरक आहे, आणि चांगल्या इराद्याची माणसं बहुतेक पहिलंच करतात, कारण ते दिसतं, त्याचा फोटो काढता येतो. वर मनात हिशोबाची वही पण चालू असते, मी एवढं करतो ना, मग आता एसी १८ वर चालेल.

म्हणून मला वाटतं इराद्याला रोजच्या कामाला जुंपूच नये, तिथे तो हरतो. तो चांगला चालतो एकदाच होणाऱ्या निर्णयात, जिथे बसून विचार करायला वेळ असतो. पंखा घेताना बघा. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी वाला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आतबाहेर. दिवसाला १५ तास चालला तर दिवसाला पाऊण युनिटच्या जवळपास फरक, वर्षाचे दोनशेच्या वर युनिट, आणि त्यासाठी रोज काहीही लक्षात ठेवायचं नाही. सोलर गीझर तसाच, ऑफिसजवळ घर घेणं तर त्याहून मोठं. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट देते. यातला सोलर एकदा छतावर बसला की आपला आपण चालतो, गांडूळखताच्या खड्ड्याला मात्र रोज कुणीतरी ओला कचरा वेगळा करून आणावा लागतो, आणि कुठल्याही जुन्या सोसायटीत जाऊन बघा दोन्हींपैकी कुठलं चालू आहे ते. फक्त पंखा बदललात तर जुना "असू दे, गॅलरीत लावू" म्हणून परत टांगू नका, भंगारवाल्याला द्या, तो पैसे पण देईल.